पूजा चालू आहे, बोला!

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात वाड्यावाड्यांवर हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसावं लागतं. कारण सगळ्यांना माहीत आहे. पाणी पडतं भरपूर, पण जांभ्याच्या कातळावरून घसरतं आणि समुद्राला मिळतं. मुरत काही नाही. इथल्या प्रार्थनेचं नेमकं तसंच आहे.

पडते म्हणाल तर पहाटेपासून पडते. रत्नदुर्गावर भगवती, शहराचा राखणदार श्री देव भैरी, राम आळीत राम, मिरकरवाड्यात आणि राजीवड्यात पाच वेळची अजान, पावसला स्वामी स्वरूपानंद, गणपतीपुळ्याला स्वयंभू गणपती. शिवाय घरोघरी देवघर, देवघरात अथर्वशीर्ष, तिन्हीसांजेला शुभंकरोती. इतकं सगळं रोज होतं आणि तरी साडेनऊला गोखले नाक्यावर गाडी लावण्यावरून जी भाषा कानावर येते, ती ऐकून सकाळची प्रार्थना कुठे गेली, असा प्रश्न पडतो. ती केव्हाच मांडवीच्या समुद्रात पोचलेली असते.

मारुती मंदिराचं उदाहरण घ्या. रत्नागिरीत ‘मारुती मंदिर’ हा आधी स्टॉप आहे, मग सर्कल आहे, मग रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालायचं ठिकाण आहे, आणि सर्वांत शेवटी तिथे मारुती आहे. दुचाकीवाला सर्कलला वळण घेताना डावा हात हँडलवरून काढतो, छातीला लावतो, ओठांना लावतो आणि त्याच हाताने पुढच्या रिक्षावाल्याला ‘दिसत नाही काय?’ अशी खूण करतो. हे सगळं एका वळणात. मागे बसलेल्या बायकोच्या तोंडून मात्र त्या वेळी खरोखरच मारुतीचं नाव निघतं. त्या गाडीवर मनापासून केलेली प्रार्थना तेवढी एकच.

आमच्या आप्पांची पूजा मी लहानपणापासून बघत आलो. सोवळं नेसून, सहाणेवर गंध उगाळून, ताम्हनात देव मांडून ते बसले की तासभर उठत नाहीत. पूर्वी पूजेत बोलायचं नाही असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे सगळा कारभार ‘हूं’वर चालायचा. छोटा ‘हूं’ म्हणजे फुलं कमी आहेत. लांब ‘हूंऽऽ’ म्हणजे दारात कोण आलंय बघा. दोन तुटक ‘हूं हूं’ म्हणजे गुरं आगरात शिरली, हाकला. काकूंना त्यातले बारकावेही कळायचे. एकदा नुसत्या ‘हूं’वर त्यांनी विजेचं बिल शोधून देवघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं.

मग मोबाइल आला आणि मौन संपलं. आता मोबाइल दर्भासनाशेजारी, पळी-पंचपात्राच्या रांगेत, स्पीकरवर ठेवलेला असतो. तो वाजला की आप्पा म्हणतात, “पूजा चालू आहे, बोला!” या दोन वाक्यांत काही विरोध आहे, असं त्यांना वाटत नाही. आंब्याच्या दिवसांत तर वाशीच्या बाजारातले दलाल बरोबर आचमनाच्या वेळेला फोन करतात. “केशवाय नमः… पाच डझनी पेटी आहे… नारायणाय नमः… छे छे, त्या भावात परवडत नाही… माधवाय नमः…” पलीकडचा दलाल गोंधळून विचारतो, “आप्पा, माधवला कितीला दिलीत?” विष्णूची चोवीस नावं पुरी होईपर्यंत वाशीला चोवीस नवी गिऱ्हाईकं आल्याची बातमी पसरते आणि भाव चढतो. देव भक्ताच्या हाकेला धावतो, तो असा.

काकूंची तऱ्हा निराळी. त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, त्या स्तोत्रांवर वेळ मोजायच्या. मऊ भाताला एक रामरक्षा, तुरीच्या डाळीला तीन. रामरक्षेचे ३८ श्लोक त्यांच्या तोंडून अशा एका चालीत पडायचे की चुकायची सोयच नव्हती. भात करपला तर “आज रामरक्षा जरा लांबली वाटतं,” आणि कच्चा राहिला तर “मधले दोन श्लोक गळले.” शास्त्री लोकांना हे ऐकून घेरी येईल. पण मला वाटतं, आप्पांच्या आणि काकूंच्या प्रार्थनेत काकूंचीच अधिक खरी. रामरक्षेतून निदान चार माणसांच्या पोटाला मऊ भात तरी मिळायचा.

हे असं होणार, याचा अंदाज आपल्या पूर्वजांना असावा. म्हणून तर त्यांनी पूजेच्या आधी संकल्प ठेवला. संकल्प नीट ऐकलात तर लक्षात येईल की त्यात देवाकडे मागणं फार थोडं आहे. जास्त भर आहे तो आपण कुठे आहोत, हे सांगण्यावर. कोणता कल्प, कोणतं मन्वंतर, कोणतं युग, कोणतं द्वीप, कोणता खंड, नदीचा कोणता तीर, कोणतं शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र, मग नाव. फक्त ४१५६१२ हा रत्नागिरीचा पिनकोड घालायचा राहिला आहे. हे सगळं देवाला माहीत नसतं म्हणून सांगायचं, असं मुळीच नाही. ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून. मागण्याआधी हजेरी लाव, असा त्याचा अर्थ. आम्ही काय केलं, तर ती हजेरीच पाठ करून टाकली. आप्पा गेल्या वर्षीचं संवत्सर पुढच्या श्रावणापर्यंत बिनदिक्कत म्हणत असतात. तिथी विचारायला ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवतात आणि तिथे दुधाचा हिशेब दिसतो. मग एकादशी राहते बाजूला आणि अर्धा लिटर जास्त कुठून आलं, यावर संकल्प थांबतो.

हजेरी लावायचा कंटाळा म्हणून मग माणसांनी बदली कामगार नेमले. तळहाताएवढा एक डबा मिळतो, तो भिंतीतल्या प्लगला लावला की चोवीस तास मंत्र म्हणतो. घरचे लोक मुंबईला लग्नाला गेले तरी तो म्हणतच असतो. शेजाऱ्यांना मंत्र पाठ होतो, मालकाला होत नाही. देवळांतून मोटारीवर चालणारं आरतीचं यंत्र आलं. बटण दाबलं की नगारा, घंटा आणि झांज एकदम सुरू. माणसांनी फक्त समोर उभं राहायचं. पण आषाढातल्या पावसात रत्नागिरीतली लाइट कधी जाईल, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. एकदा ऐन आरतीत ती गेली. नगाऱ्याचा दांडा वरच्या वर थांबला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपल्याला दोन हात आहेत आणि ते एकमेकांवर आपटले तर आवाज होतो, हा शोध लागायला बराच वेळ गेला. त्यानंतर टाळी सुरू झाली ती कोणाची कोणाला जुळेना. पण त्या दिवशी पहिल्यांदाच आरतीचे शब्द ऐकू आले आणि निम्म्या लोकांना ते येत नाहीत, हेही कळलं.

खरं म्हणजे प्रार्थना आपल्या हातात यावी म्हणून केवढ्या खटपटी झाल्या आहेत! मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीत शाळा शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे एवढे मोठे पंडित, की पुढच्या पिढ्या त्यांच्या पुस्तकांवर संस्कृत शिकल्या. त्यांना संस्कृतात प्रार्थना करणं काय अवघड होतं? पण १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला, नंतर ते त्यात गेले आणि लोकांना समजेल अशा मराठीत बोलू लागले. ज्याला संस्कृत येतं तो मराठीत प्रार्थना करतो, आणि ज्याला येत नाही तो हटकून संस्कृतात! पुढे मुंबईकरांनी त्या समाजाचाही बसस्टॉप केला. गिरगावात “एक प्रार्थना समाज द्या” म्हटलं की कंडक्टर तिकीट फाडायचा. आपल्याकडे कुठल्याही चळवळीचा शेवट स्टॉपमध्ये होतो.

रत्नागिरीतलं पतितपावन मंदिर १९३१चं. त्याआधी कोणी कुठल्या पायरीपर्यंत यायचं, हे जातीवर ठरायचं. देव आत, माणूस बाहेर आणि मधे धर्मशास्त्र. भंडारी समाजातले भागोजीशेठ कीर यांनी पैसा घातला आणि रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. गंमत अशी की सावरकर स्वतः काही पूजाअर्चेत रमणारे नव्हते. ज्याला घंटा वाजवायची फारशी हौस नाही, तो माणूस दुसऱ्याला घंटेपर्यंत पोचता यावं म्हणून वर्षानुवर्षं भांडला. आणि आता आम्ही तिथे जातो, घंटा वाजवतो, एक डोळा मिटतो आणि उघड्या डोळ्याने बाहेर काढलेली चप्पल बघतो. हक्क मिळायला शेकडो वर्षं लागली, बजावून होतो अर्ध्या मिनिटात.

पावसच्या स्वामींची तर आणखी अडचणीची गोष्ट. रामचंद्र विष्णू गोडबोले हे त्यांचं मूळ नाव. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले, मोठ्या आजारातून उठले आणि मग १९७४ साली समाधिस्थ होईपर्यंत, चाळीस वर्षं, पावसला देसायांच्या घरातल्या एका खोलीत राहिले. ज्ञानेश्वरी लोकांना सोपी व्हावी म्हणून त्यांनी ती अभंगात आणली. साधना सांगितली ती सोहमची, श्वासाबरोबर चालणारी. तिला फूल नको, उदबत्ती नको, मुहूर्त नको, गुडघे दुखत असतील तर मांडीही नको. इतकी बिनखर्ची साधना सांगितल्यावर माणसं घाबरतात. फुलं नाहीत, ही सबब गेली. सोवळं वाळलं नाही, ही सबब गेली. श्वास नाही, अशी सबब एकदाच सांगता येते. म्हणून आम्ही पावसला जातो, समाधीसमोर डोकं टेकतो आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारतो, “प्रसाद किती वाजता?”

या सगळ्या पार्श्वभूमीवर कोकणात एक प्रार्थना मात्र अशी टिकून आहे, की जी पाठ करताच येत नाही. ती म्हणजे गाऱ्हाणं. गणपतीत आरत्या झाल्या, देवे झाले, मंत्रपुष्प झालं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे घसे बसले, की वाडीतला म्हातारा माणूस नारळावर हात ठेवून पुढे येतो. त्याच्या हातात पुस्तक नसतं. असून उपयोग नाही, कारण गाऱ्हाण्याचा मजकूर दर वर्षी वाडीत घडतो. कोणाच्या पोराची नोकरी गेली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाची म्हैस गाभ जात नाही, हे ठाऊक असल्याशिवाय गाऱ्हाणं घालता येत नाही. म्हणजे देवाशी बोलण्याआधी बारा महिने शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. अथर्वशीर्षाला ही अट नाही.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत ऐकलेलं गाऱ्हाणं माझ्या अजून कानात आहे.

“बा देवा म्हाराजा! तुज्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केली हाय, ती गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी ओटी गरजली.

“वरल्या घरातला पोरगा मुंबैला कामाला लागलाय, त्येला पर्मनंट कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“खालच्या घरातली म्हातारी पडून हाय. तिला बरी कर, नायतर सुखानं घेऊन जा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हातारी आतून सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

मग म्हातारबुवांनी जरा घसा खाकरला. “आणि म्हाराजा, वाडीच्या पान्याच्या पायपाला रातचा कोनतरी जोड लावतंय. त्येचा नाव घेत नाय. तो हितंच बसलाय. त्येला तूच बुद्धी दे म्हाराजा!”

क्षणभर झांजेचा खुळखुळाटही थांबला. ओटीवरच्या सगळ्या माना मुद्दाम देवाकडेच वळलेल्या. खांबाला टेकून बसलेला एक जाडजूड गृहस्थ, ज्याच्या आगरात त्या वर्षी केळी फारच छान आली होती, कपाळावरचा घाम पुसत सर्वांच्या आधी ओरडला, “व्हय म्हाराजा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले सगळे नळ जोरात. प्रार्थनेला फळ येतं की नाही, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातले आहेत. त्यातल्या एकानेही पाइपलाइनचा पुरावा तपासलेला नाही.

गाऱ्हाण्याची बहीण म्हणजे कौल. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि मग सगळे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल खरा की खोटा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातली एकच गोष्ट थोर वाटते. इथे माणूस बोलून झाल्यावर थांबतो. एरवी आपण देवापुढे उभे राहून मागण्यांची यादी वाचतो आणि त्याने तोंड उघडायच्या आत चपला घालतो. कौलाला मात्र पाच-पन्नास माणसं एका जास्वंदीच्या पाकळीकडे श्वास रोखून बघत असतात. पैसे भरून ध्यानाच्या शिबिराला गेलेल्यांना ही एकाग्रता साधत नाही. अर्थात माणूस कोकणातला. डावी पाकळी पडली की तो म्हणतो, “प्रश्न नीट विचारला नाही.” मग प्रश्न बदलून पुन्हा कौल. आमच्या जिल्ह्यात बांधाचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तर देवाचा निकाल पहिल्या फेरीत कोण मान्य करणार?

शिवाय देवाने निकाल तरी काय द्यावा? रत्नागिरीकरांची मागणी एक असेल तर ना! मार्चमध्ये मळभ आलं की आंबा बागायतदार हात जोडतो, ‘देवा, थेंब नको.’ मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागलेली त्याचीच बायको हात जोडते, ‘देवा, दोन सरी तरी पाड.’ एकाच घरातले, एकाच देवघरासमोरचे अर्ज. तिकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मिरकरवाड्यातला खलाशी कॅलेंडरकडे बघून दिवस लवकर सरावेत म्हणतो, आणि भातलावणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी म्हणतो, दिवस जरा पुरवून दे. पुळ्यातला लॉजवाला गर्दी मागतो, शेजारचा म्हातारा शांतता मागतो. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितलं, त्यात स्वतःसाठी काही नाही, साऱ्या जगासाठी आहे, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यातलं व्यावहारिक शहाणपण मला फार उशिरा उमगलं. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी मागितलं तर निदान देवघरात तरी भांडण होणार नाही.

आमच्या माईआजीला हे कोणी न शिकवता कळलं होतं. ती संध्याकाळी तुळशीपुढे निरांजन लावायची आणि मोठ्याने, नावानिशी, चालू मराठीत देवाशी बोलायची. “देवा, पलीकडची बाळंतीण एकटी आहे हो, तिची आई अजून आलेली नाही. देवा, गुरुजींचा खोकला जात नाही. देवा, वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर या पावसात गाडीतच झोपतो, त्याला सांभाळ.” आणि हात खाली करण्याच्या आत ती आमच्याकडे वळायची. “देवाला सांगून झालंय. आता तू जा.”

मग बाळंतिणीकडे मेतकूट, गुरुजींकडे अडुळशाचा काढा आणि पायांत चिखल तुडवत एस.टी.च्या ड्रायव्हरकडे कांबळं. तिची प्रत्येक प्रार्थना आमच्या पायांतून जायची. त्यामुळे आम्ही भावंडं तिची प्रार्थना जिवाचा कान करून ऐकायचो. आज कोणाचं नाव येतंय, घर लांब आहे की जवळ, वाटेत कुत्रं आहे की नाही! शुभंकरोती म्हणताना आम्ही चिमटे काढायचो, पण आजीच्या तुळशीपुढे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एखाद्या दिवशी ती नुसतंच “सगळ्यांचं भलं कर” म्हणून आत गेली, तर आम्हाला सुटल्यासारखं व्हायचं. सगळ्यांचं भलं करायला कोणालाच कुठे पाठवता येत नाही. सोय म्हणून ही प्रार्थना उत्तम आहे, आणि हल्ली तीच जास्त चालते.

तेव्हा रोजची प्रार्थना मुरावी, असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी काही सोडायला नको. संध्या असो, नमाज असो, रामरक्षा असो, चालू द्या. भातासाठी म्हणत असाल तरी चालू द्या. फक्त शेवटी एक वाक्य आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने, कोणाचं तरी नाव घेऊन म्हणून बघा. आणि म्हटल्यावर लगेच उठू नका, कौलाला बसतो तसं जरा थांबा.

मात्र आधीच सांगून ठेवतो, हे काम जोखमीचं आहे. मंत्राचा डबा अहोरात्र चालू ठेवणाऱ्या माझ्या एका परिचिताने उत्साहाच्या भरात हा प्रयोग केला. देवापुढे हात जोडून तो कळकळीने म्हणाला, “देवा, शेजारच्या नानांना रात्रभर झोप नाही म्हणतात. त्यांना शांत झोप लागू दे.” मग थांबला. बराच वेळ थांबला. आणि उठून प्लग काढला.